पंप बंद, पाणी चालूच

ऑक्टोबरात मॅसॅच्युसेट्समध्ये पहिली थंडी पडली की एक ठरावीक तक्रार सुरू होते. खालच्या मजल्यावर ऊब हवी म्हणून तिथला थर्मोस्टॅट चढवलेला असतो, वरचा बंद ठेवलेला असतो, आणि तरी रात्री वरच्या झोपायच्या खोल्या तापून उठतात. कुणी खिडकी उघडी टाकून झोपतं, कुणी थर्मोस्टॅट बदलून बघतं, कुणी थेट बॉयलरच बदलायला निघतं. आमच्या धंद्यात याला घोस्ट फ्लो म्हणतात. सांगलीहून इकडे येऊन गरम पाण्याच्या हीटिंगचं काम धरलं तेव्हापासून ही तक्रार मी जितकी ऐकली तितकी दुसरी कुठलीही नाही. आणि माझं मत आता पक्कं झालं आहे: या तक्रारीचं मूळ शोधायचं तर हातात पाना घेण्याआधी या धंद्याचा इतिहास माहीत हवा. न सांगता वर चढणाऱ्या याच उष्णतेच्या जोरावर पिढ्यान्‌पिढ्या घरं तापत आली. मग पंप आला, आणि जी कालपर्यंत घर चालवत होती तिला आम्ही चोर ठरवलं.

आपल्याकडे घर तापवायची वेळ येत नाही, म्हणून रचना थोडक्यात सांगतो. तळघरात बॉयलर असतो. त्यातलं गरम पाणी नळांमधून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत जातं, तिथे ऊब देतं, निवून परत बॉयलरकडे येतं. हेच पाणी वर्षानुवर्षं फिरत राहतं. घराचे दोन-तीन भाग पाडलेले असतात, त्यांना झोन म्हणतात. प्रत्येक झोनला स्वतःचा थर्मोस्टॅट, आणि स्वतःचा पंप किंवा विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह. एका झोनचं पाणी दुसऱ्यात शिरू नये, एवढीच अपेक्षा.

पण पाण्याला फिरायला पंप लागतोच असं नाही. ८० अंश सेल्सिअसचं एक घनमीटर पाणी सुमारे ९७२ किलो भरतं, ६० अंशांचं ९८३ किलो. चढत्या नळात गरम पाणी, उतरत्या नळात जरा निवलेलं. उतरतं पाणी जड, म्हणून ते खाली बसतं आणि हलक्याला वर ढकलतं. एक मीटर उंचीमागे हा जोर पाण्याच्या ११ मिलिमीटर थराच्या दाबाएवढा. दुमजली घराची सहा मीटर उंची धरली तरी सात सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. एवढ्याशा जोरावर लोकांनी हवेल्या, इस्पितळं, शाळा तापवल्या.

हे कसब एका माणसाच्या डोक्यातून आलेलं नाही. मार्टेन ट्रीवाल्ड हा स्वीडिश अभियंता इंग्लंडात न्यूकॅसलला असताना, १७१६ साली, त्याने बाहेर पाणी तापवून ते नळाने हरितगृहात फिरवलं आणि आतली झाडं जगवली. पुढे १७७७ मध्ये फ्रान्समधल्या बोनमाँने अंडी उबवण्याच्या पेटीभोवती गरम पाणी खेळवलं आणि कोंबडीची पिल्लं काढली. त्याची खरी करामत पाण्यात नव्हती, नियंत्रणात होती. शिशाच्या नळीत लोखंडी कांब बसवून, दोन्ही धातू उष्णतेने कमीजास्त वाढतात याचा उपयोग करून त्याने भट्टीत जाणारी हवा आपोआप कमीजास्त होईल अशी योजना केली. आज भिंतीवर दिसणाऱ्या थर्मोस्टॅटच्या घराण्यातला हा फार जुना पूर्वज. झाडं आणि पिल्लं आधी, माणसं नंतर, हा क्रम मला फार आवडतो. उबेची नेमकी मात्रा ज्यांना चुकून चालत नाही त्यांच्यापासून ही विद्या सुरू झाली.

माणसांच्या घरांत ती एकोणिसाव्या शतकात आली. अँजिअर मार्च पर्किन्स हा मूळचा मॅसॅच्युसेट्सचाच, पण लंडनला जाऊन स्थायिक झालेला. त्याने १८३१ मध्ये बारीक, जाड भिंतींच्या, सर्व बाजूंनी बंद लोखंडी नळ्यांच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पाणी दाबाखाली असल्याने ते उकळबिंदूच्या कितीतरी वर तापवता यायचं. वास्तुविशारद सर जॉन सोन यांच्या लंडनमधल्या घरात ही पद्धत बसवली होती. बॉस्टनचा जोसेफ नेसन लंडनात पर्किन्सच्या हाताखाली काम करून अमेरिकेत परतला आणि १८४० च्या दशकात जेम्स वॉल्वर्थबरोबर त्याने वाफेच्या आणि नळांच्या हीटिंगचा व्यवसाय उभा केला. सेंट पीटर्सबर्गच्या फ्रान्झ सान गाल्लीने १८५० च्या दशकात ओतीव लोखंडाचा रेडिएटर बनवला. १८९२ मध्ये अमेरिकन रेडिएटर कंपनी स्थापन झाली आणि मग हे जड, नक्षीदार रेडिएटर मध्यमवर्गीय घरांतही दिसू लागले.

पण मला या नावांपेक्षा त्या काळच्या फिटरांविषयी जास्त आदर वाटतो. सात सेंटिमीटरच्या जोरावर घर तापवायचं म्हणजे नळाचा एकेक वाकडेपणा महागात पडतो. मुख्य नळ तीन-चार इंची घ्यायचा, आणि बॉयलरपासून पुढे दर दहा फुटांना एक इंच चढ द्यायचा, म्हणजे हवेचे बुडबुडे वर निघून जातील. नळ कापला की आतली धार घासून काढायची. ती कडा राहिली तर तेवढ्यानेही प्रवाह अडतो. आणि सगळ्यांत सुंदर युक्ती फाट्यांची. वरच्या मजल्याला उंची जास्त, म्हणून ओढही जास्त. मोकळं सोडलं तर सगळं गरम पाणी वरच पळणार. म्हणून तळमजल्याचे फाटे मुख्य नळाच्या डोक्यावरून काढायचे, जिथून सर्वांत गरम पाणी जातं, आणि वरच्या मजल्याचे बाजूने. काही ठिकाणी वरच्या रेडिएटरच्या तोंडाशी बारीक भोकाची चकती टाकून त्याला आवर घातलेला असे. इथल्या वूस्टर शहरातल्या जुन्या घरांच्या तळघरांत अजून हे नळ दिसतात. कंदील धरून त्यांचे फाटे पाहत गेलं की कुठला नळ कुठल्या मजल्याचा हे वर न जाता सांगता येतं.

ज्यांनी मला हे काम शिकवलं ते आयरिश वळणाचे एक वयस्कर फिटर होते. लहानपणी त्यांनी कोळशाच्या भट्ट्यांवर उमेदवारी केलेली. ते नळाला तळहात कधी लावत नसत. हाताची मागची बाजू लावत, ती जास्त हळवी असते म्हणून. बॉयलरभोवती एक चक्कर मारत, प्रत्येक नळाला हात लावत, आणि मग कुठलं पाणी कुठून कुठे चाललंय ते खडूने नळावर बाण काढून दाखवत. आज माझ्याकडे उष्णता दाखवणारा कॅमेरा आहे. तो चांगला आहे, पण बाण मी अजून खडूनेच काढतो.

जोर वाढवण्याचे प्रयत्न पंपाच्या आधीही झाले. इंडियानातल्या वॉबॅश गावच्या मार्क हनीवेलने पाऱ्याचा एक अडसर तयार केला. तापून फुगणारं पाणी माळ्यावरच्या उघड्या टाकीत थेट मोकळं सोडण्याऐवजी मध्ये पारा ठेवला की आतला दाब वाढे, पाणी न उकळता जास्त तापवता येई आणि त्यामुळे ते जास्त वेगाने फिरे. १९०६ मध्ये त्याने यासाठी कंपनी काढली. १९२७ मध्ये ती मिनियापोलिसच्या थर्मोस्टॅट बनवणाऱ्या कंपनीत मिळाली. थर्मोस्टॅटवर आज दिसणारं ते नाव मुळात अशा पाण्याच्या कामातून आलेलं आहे.

मग पंप. १९२८ मध्ये जर्मनीत डॉर्टमुंडच्या विल्हेल्म ओप्लेंडरने नळाच्या कोपरातच पंखा बसवला, मोटर बाहेर ठेवली, आणि पाण्याला पुढे ढकलणारं यंत्र तयार केलं. अमेरिकेत १९३० च्या दशकात बेल अँड गॉसेटसारख्या कंपन्यांनी असे पंप घरोघर पोचवले. आता चार इंची नळांची गरज उरली नाही. बारीक तांब्याचा नळ कुठूनही न्यावा, वर न्यावा, खाली न्यावा. पंप ढकलायला आहेच. पंपामुळे काही उलटंही झालं. जुन्या घरात, जिथे वरचे रेडिएटर पहिल्यांदा तापत आणि म्हणून त्यांच्या तोंडात चकत्या घातलेल्या, तिथे पंप लावल्यावर पाणी सोपी वाट धरू लागलं, आणि वरच्या खोल्या गारठल्या. चकत्या काढून टाकायला हव्या होत्या. ज्यांना ती युक्ती ठाऊक नव्हती ते पंपालाच दोष देत राहिले.

आता मूळ प्रश्नाकडे. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि शेजारच्या राज्यांत, बॉयलरच्या पोटात तांब्याचं एक वेटोळं बसवायची पद्धत पडली. त्यातून अंघोळीचं आणि भांड्यांचं गरम पाणी मिळे. याचा अर्थ बॉयलर बारा महिने तापलेला. जुलैत पंप बंद असला तरी गरम पाणी हलकं होऊन आपली जुनी वाट धरायचं आणि उन्हाळ्यात घर तापवायचं. या एका अडचणीतून फ्लो-कंट्रोल व्हॉल्व्ह आला. रचना साधी: आत एक जड पितळी तबकडी, तिच्या वजनानेच बसलेली. पंप चालू झाला की तो तबकडी सहज उचलतो. पंप बंद झाला की गुरुत्वाचा सात सेंटिमीटरचा जोर तिला उचलायला पुरत नाही. अशा व्हॉल्व्हना उघडायला साधारण पाव ते अर्धा पीएसआय दाब लागतो, म्हणजे पाण्याचा सतरा ते पस्तीस सेंटिमीटर थर. पंपाला हे काहीच नाही. नैसर्गिक ओढीला ते झेपत नाही. त्या दोन जोरांच्या मधोमध हा आकडा बसवलेला आहे, आणि ज्याने तो बसवला त्याला जुन्या विद्येचं गणित पुरतं माहीत होतं.

एक गोष्ट मात्र तरुण मिस्त्री हमखास विसरतात. बंद झोन जितका गार, तितकी त्याची ओढ जास्त. चालू झोनमध्ये ८० आणि ६० अंशांचा फरक असतो. बंद झोनच्या चढत्या नळात एकदा का बॉयलरची ऊब शिरली आणि उतरत्या नळात पाणी २० अंशांवर थिजून बसलेलं असलं, तर सहा मीटरमागे जोर सात सेंटिमीटरवरून सोळावर जातो. सोळा आणि सतरा यांत अंतर किती? म्हणून वजन कमी झालेली, झिजलेली किंवा कचऱ्यावर अडकलेली तबकडी पहिल्या कडक थंडीतच हार खाते.

महायुद्धानंतर ही गोष्ट फारशी कुणाला बोचली नाही. तेल स्वस्त होतं. वरची खोली जरा जास्त तापली तर खिडकी उघडली, संपलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरांवरून बारा डॉलरांच्या आसपास गेला, आणि नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून लोकांना घरातलं तापमान कमी करून ६८ फॅरनहाइटवर, म्हणजे २० अंशांवर आणायला सांगितलं. ज्या खोलीत कुणी नाही ती तापवायची नाही, हा विचार तेव्हा घराघरांत शिरला. झोन वाढले, व्हॉल्व्ह वाढले, पंप वाढले. आणि जी गळती पूर्वी सवयीची होती ती बिलावर दिसायला लागली.

घोस्ट फ्लोचा दुसरा एक प्रकार पंपांच्या संख्येमुळे आला. बेल अँड गॉसेटमधल्या गिल कार्लसन यांनी १९५४ मध्ये एका वर्तुळातून दुसरं वर्तुळ काढण्याची पद्धत मांडली. मुख्य वर्तुळावर दोन टी, म्हणजे तीन तोंडांचे सांधे, लागून लागून बसवायच्या. एकीतून दुय्यम वर्तुळ निघतं, दुसरीत परत येतं. टी जवळजवळ असल्या तर त्यांच्यामधल्या तुकड्यात दाब जवळपास घटत नाही, आणि मुख्य पंप चालू असला तरी दुय्यम वर्तुळातलं पाणी जागचं हलत नाही. नियम असा की दोन टींमधलं अंतर नळाच्या व्यासाच्या चौपटीहून जास्त नको. मी कितीतरी तळघरांत हे अंतर दोन-दोन फूट पाहिलं आहे, कारण तिथे सोयीने पाना फिरत होता. त्या दोन फुटांत जो थोडा दाब घटतो तेवढाच पाण्याला बंद वर्तुळात ढकलायला पुरतो. अशा चुकीला व्हॉल्व्हचं नाव देऊन लोक व्हॉल्व्ह बदलत बसतात.

वूस्टरशेजारच्या श्रूजबरीत आपले मराठी लोक बरेच आहेत. तिथून एका तरुण जोडप्याचा फोन आला होता. “काका, वरचा थर्मोस्टॅट साठवर ठेवलाय आणि बाळाच्या खोलीत ऐंशी होतात,” ती सांगत होती. ऐंशी फॅरनहाइट म्हणजे जवळजवळ २७ अंश. कुणीतरी येऊन नवा बॉयलर घ्यायला सांगून गेलं होतं.

घराला दोन पंप, दोन मजल्यांचे. मी वरचा थर्मोस्टॅट पूर्ण उतरवला, खालचा चढवला आणि थांबलो. प्रथम वायर तपासल्या, कारण थर्मोस्टॅटच्या तारा उलटसुलट जोडलेल्या असल्या तर सगळं निदान फुकट जातं. त्या ठीक होत्या. वरचा पंप गप्प होता. पण त्याच्या पुढचा नळ हाताला चटका देईल इतका गरम, परतीचा नळ कोमट. गरमी पुढच्या बाजूने जातेय, मागून येत नाही, एवढं तिथेच कळलं. परतीचा नळ आधी तापला असता तर दुसऱ्या पंपाने पाणी उलटं ढकललं असं समजायचं. इथे संशय सरळ फ्लो-कंट्रोल व्हॉल्व्हवर गेला, आणि त्याच्या डोक्यावरचा खटका पूर्ण उचललेला निघाला.

हा खटका मुद्दाम असतो. वीज गेली तर तो उचलायचा, तबकडी वर राहते, आणि पंपाशिवाय पाणी जुन्या पद्धतीने फिरतं. शेजाऱ्यांकडून कळलं की डिसेंबर २००८ च्या बर्फाच्या वादळात इथली वीज कित्येक दिवस गेली होती. त्या घराचा जुना गॅस बॉयलर पायलटच्या ज्योतीवर चालणारा होता, त्याला वीज लागत नव्हती. आधीच्या मालकाने खटका उचलून घर ऊबदार ठेवलं. त्याला ते ठाऊक होतं याचं मला मनापासून कौतुक वाटलं. पुढे बॉयलर बदलला, मालक बदलला, खटका वरच राहिला.

खटका खाली केला तरी तबकडी पूर्ण बसेना. पाणी उतरवून टोपण उघडलं. तबकडीच्या कडेवर काळी, शाईसारखी पूड साचलेली होती. लोखंडाचा हा चुंबकीय गंज जुन्या यंत्रणांत सगळीकडे फिरत असतो. आणि बैठकीवर, एका बाजूला, तुरीच्या डाळीएवढा सोल्डरचा थेंब चिकटलेला. कुणीतरी कधीकाळी वर नळ जोडताना तो आत पडलेला, पाण्याबरोबर येऊन नेमका तिथे बसलेला. तो खरवडला, बैठक पुसली, तबकडी बोटाने फिरवून पाहिली. आता ती टक्कन बसली.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, खोली बरीच उतरली, पण जिन्याशेजारचा रेडिएटर अजून कोमट. तोही जुनाच प्रकार. परतीचा नळ बॉयलरपासून सरळ उभा वर गेलेला असला तर एकाच नळात मधून गरम पाणी वर चढतं आणि कडेकडेने गार पाणी खाली उतरतं. पुढच्या बाजूचा व्हॉल्व्ह त्याला काय करणार? परतीच्या नळाच्या आडव्या भागात एक झुलत्या तबकडीचा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा, टाकला. उभ्या नळात, खाली वाहणाऱ्या पाण्यावर, तो बसवून चालत नाही, कारण तबकडी स्वतःच्या वजनाने उघडी लोंबते. त्यानंतर बाळाची खोली साठला साठ राहिली.

पुण्यात भावाच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर आहे. तिथे कुणी याला घोस्ट फ्लो म्हणत नाही, पण विद्या हीच. पॅनेलमध्ये तापलेलं पाणी हलकं होऊन टाकीत चढतं, पंप नाही. रात्री पॅनेल गार पडतं, आणि टाकी पॅनेलच्या फार जवळ बसवली असेल तर पाणी उलटं फिरून दिवसाची ऊब आकाशात सोडून देतं. म्हणून टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या टोकापेक्षा निदान फूटभर उंच हवा. त्याच सोसायटीत दुपारी गार नळाला गरम पाणी यायचं. प्लंबर म्हणाला, “पाणी उलटं मारतंय, साहेब.” खरंच मारत होतं. एका घरात मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे ठेवून पुढचा हँडशॉवर बंद केलेला असायचा. ज्या बाजूला दाब जास्त ती दुसरीत घुसायची. एनआरव्ही, म्हणजे तसाच चेक व्हॉल्व्ह, बसवला, प्रश्न मिटला. ट्रीवाल्डच्या हरितगृहापासून इथपर्यंत पाण्याने आपला स्वभाव बदललेला नाही.

आता नवे पंप येतात ते पोटातच स्प्रिंगचा छोटा चेक घेऊन. वेळ वाचतो, जागा वाचते. पण ती प्लास्टिकची तबकडी गंजाच्या काळ्या पुडीने अडकते, आणि ती अडकल्याचं बाहेरून दिसत नाही. जुनं घर असेल तर मी पितळी फ्लो-कंट्रोल व्हॉल्व्ह जागचा काढत नाही, आणि परतीच्या नळावर चुंबकाचा गाळणा बसवतो. नव्या कंडेन्सिंग बॉयलरात हा दोष तर आणखी छुपा होतो. अशा बॉयलरला परतीचं पाणी सुमारे ५५ अंशांच्या खाली मिळालं तरच धुरातली वाफ पाणी होऊन तिची उष्णता हाती लागते. टी लांब बसवलेल्या असल्या, की बंद वर्तुळातून तसंच फिरून आलेलं गरम पाणी परतीत मिसळतं, परत येणारं पाणी तापतं, आणि घरात कुठलीही खोली फार न तापता गॅसचं बिल मात्र वाढतं. अशा घरात मी परतीच्या नळाला थर्मामीटर बांधून ठेवतो, मालकाला तो आकडा रोज एकदा वहीत टिपायला सांगतो, आणि आकडा पंचावन्नच्या वर गेला की फोन कर म्हणतो.